त्रेस्याचे स्पीकर

“अजून थोडा कमी करा,” त्रेस्या म्हणाली.

दुकानदार शिनोजने रिमोटचं बटण दाबलं. गाणं आधीच इतकं हळू लागलेलं होतं, की त्याच्यापेक्षा एसीची घरघर मला जास्त ऐकू येत होती.

“अजून?”

“किंचित.”

“चेची, आता याच्याखाली गेलं की बंदच पडेल,” शिनोज म्हणाला. आमच्याकडे ताईला चेची म्हणतात; आवाजात आदर होता, पण चेहऱ्यावर सकाळपासूनचा थकवा दिसत होता.

आम्ही त्रिशूरच्या राउंडमागच्या, म्हणजे देवळाभोवतीच्या गोल रस्त्यामागच्या, गल्लीतल्या एका स्पीकरच्या दुकानात होतो. दुकानाच्या आतल्या बाजूला एक बंद खोली. जमिनीवर जाड गालिचा, भिंतींना जाड पडदे, आणि समोर माणसाच्या छातीएवढे उंच स्पीकर जोडीजोडीने उभे. बरोबर मधोमध एकच खुर्ची होती, हात टेकायला असलेली, छान गुबगुबीत. तिच्यात त्रेस्याचा भाऊ लोनप्पन बसला होता. मी मागे स्टुलावर. आणि जिच्यासाठी हा सगळा खटाटोप चालला होता ती त्रेस्या, बाजूच्या भिंतीला टेकून, पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरून उभी. वॉर्डाबाहेर पेशंटचे नातेवाईक उभे राहतात, तशी.

“हे छान आहेत,” ती म्हणाली.

“मघाच्यांना पण तुम्ही छानच म्हणालात,” शिनोज म्हणाला.

“तेही छान होते.”

मला हसू आलं.

पूर्ण नाव कोच्चुत्रेस्या, वय वर्षं अठ्ठावन्न. सत्तावीस वर्षं मस्कतच्या एका इस्पितळात नर्स. त्यातली एकोणीस वर्षं ती माझ्या खोलीत होती, किंवा मी तिच्या. आमच्यात त्यावरून अजून भांडण आहे. मी रोसिली. मी तिच्या दोन वर्षं आधी परत आले. ती आली चार महिन्यांपूर्वी, आणि आल्यापासून एकच ध्यास.

“रोसिली, मी स्पीकर घेणार,” फोनवर तिने सांगितलं होतं. “टेबलावर ठेवायचे नाहीत हं. जमिनीवर उभे राहतात ना, ते.”

“कशाला गं?”

“गाणी ऐकायला. सिनेमे बघायला. कशाला म्हणजे काय?”

मग रोज तीन-तीन फोन. तिने एक वही केली होती. औषधांच्या वेळा लिहायची सवय, त्यामुळे अक्षर मोत्यासारखं. ‘भिंतीपासून किती लांब ठेवायचे?’ ‘मागे भोक असलेले बरे की पुढे?’ ‘दोन घ्यायचे की पाच?’ मोबाइलवर कुणाकुणाची भाषणं ऐकून ती एकेका प्रश्नाचं उत्तर लिहायची आणि लगेच मला वाचून दाखवायची. दुसऱ्या दिवशी कुणी त्याच्या उलट सांगितलं की तेही लिहायची.

“अगं, लग्न ठरलंय की काय तुझं?” मी एकदा विचारलं.

“लग्नाला एवढं बघावं लागत नाही,” ती म्हणाली. हे तिला काय ठाऊक, हे मी विचारलं नाही. तिने लग्न केलंच नव्हतं. धाकट्या बहिणींची करून दिली, लोनप्पनला शिकवलं, घर बांधलं, तोवर वय निघून गेलं. आमच्याकडच्या नर्सांमध्ये हे इतकं नेहमीचं आहे, की कुणी त्याबद्दल हळहळतही नाही.

त्या सकाळी बसमधून उतरताना ती अक्षरशः उडी मारून उतरली. गुडघ्याचं दुखणं घरी ठेवून आली होती म्हणा ना. लोनप्पन स्कूटरवरून परस्पर आला. ‘बायकांना फसवतात,’ असं त्याचं म्हणणं होतं. पंचेचाळीस वर्षांचा, पोट सुटलेला, स्वभावाने वाईट नाही. पण आयुष्यात प्रत्येक ठिकाणी मधली खुर्ची आपलीच, असं लहानपणापासून कुणी त्याला शिकवलेलं. दुकानात शिरल्या शिरल्या तो त्या खुर्चीत जाऊन बसला, आणि कुणाला काही वाटलं नाही. मलाही नाही.

“आता ते मोठे लाव रे,” तो शिनोजला म्हणाला. “ते कोपऱ्यातले. काळे.”

ते काळे म्हणजे दोन कपाटंच होती. खाली ताटाएवढे दोन-दोन वूफर, खर्जाचे. शिनोजने सिनेमातली मारामारी लावली, आणि लोनप्पनने स्वतः रिमोट हातात घेऊन आवाज चढवला. माझ्या स्टुलाचा पाय थरथरला. समोर पूल कोसळत होता आणि लोनप्पनचं पोट त्याच्याबरोबर हलत होतं.

“हे!” तो ओरडला. “याला म्हणतात होम थिएटर! चेची, हेच!”

त्रेस्याने कानांवर हात ठेवले होते. पूल कोसळून संपल्यावर ती पुढे आली.

“आता माझं गाणं लावाल का? हळू?”

शिनोजने त्याच काळ्या कपाटांवर तिचं गाणं लावलं. तिच्या पद्धतीने, अगदी कुजबुजीएवढं. तिने मान कलती केली. पर्स पोटाशी. आणि तिचा चेहरा एकदम उजळला.

“अय्या, यात भरीव येतंय की! बाकीच्यांत फक्त बाई गात होती. यात मागचा मृदंगही येतोय. हेच घेऊ या.”

“बघ!” लोनप्पन म्हणाला. “दोघांना एकच पसंत. शिनोज, कर पॅक.”

शिनोजने मात्र पॅक केलं नाही. त्याने डोकं खाजवलं. विक्री होत असताना डोकं खाजवणारा दुकानदार मी प्रथमच पाहिला.

“चेची, एक सांगू?” तो म्हणाला. “फार हळू लावलं की माणसाच्या कानाला खर्ज नीट ऐकू येत नाही. सगळ्यांचंच असं असतं. या मोठ्यांचा खर्ज जरुरीपेक्षा जास्त आहे, म्हणून एवढ्या हळू आवाजात तेच भरलेले वाटतात. नेहमीच्या आवाजात लावाल तर ढबढब करतील. तुमचा हॉल केवढा?”

“चौदा बाय बारा,” तिने वही न बघता सांगितलं.

“मग तर भिंती बोलायला लागतील. घरी तुम्ही एवढ्याच आवाजात ऐकणार आहात का?”

“हो.”

“नेहमी?”

“हो. म्हणजे... एवढाच पुरे की.”

शिनोजने खांदे उडवले. गिऱ्हाईकाला हवं ते, असं त्याच्या मनात आलेलं दिसलं. पण मला राहवेना. एकोणीस वर्षं एका खोलीत काढलेल्या माणसाला मध्ये बोलायचा हक्क असतो.

“अगं त्रेस्या, एवढ्या हळू कशाला? घरात कोण झोपलंय?”

ती माझ्याकडे बघायला लागली. उत्तर शोधत होती. खरंच शोधत होती.

“कुणी ना कुणी झोपलेलं असतंच ना,” ती म्हणाली.

मी स्टुलावरून उठून उभी राहिले.

कारण ते झोपलेलं माणूस मी होते. मस्कतला मला रात्रपाळ्या फार असायच्या. मी दिवसा झोपायची, आणि माझी झोप म्हणजे पाण्यावरचा बुडबुडा. त्रेस्या खोलीत राहायला आली त्या पहिल्याच आठवड्यात तिने आपला छोटा टेपरेकॉर्डर लावला, गाणं पुरतं सुरूही झालं नव्हतं, आणि मी उशीवरून डोकं उचलून म्हणाले होते, “ते बंद कर, नाहीतर खिडकीबाहेर फेकीन.” एवढंच. नंतर मी विसरूनही गेले. दुसऱ्या दिवशी तिने कानात घालायच्या वायरी आणल्या, आणि मग एकोणीस वर्षं त्या वायरी. आधी कॅसेट, मग सीडी, मग मोबाइल. एका कानातली वायर नेहमी आधी मरायची. मग ती कित्येक दिवस एकाच कानाने ऐकायची, पगार होईस्तोवर. शुक्रवारी सुट्टीला, मी झोपलेली असताना, ती पलंगावर बसून लसूण सोलायची आणि ओठ गाण्यासारखे हलायचे, आवाज नाही. एकदा मला जाग आली तर बाई उशी मांडीवर घेऊन तिच्यावर दोन्ही हातांनी चेंड्याचा, आमच्याकडच्या ढोलाचा, ठेका वाजवत होती. उशीवर, आवाज होऊ नये म्हणून. मी कूस बदलून परत झोपले होते.

तेव्हा मला ते गमतीचं वाटलं होतं. या दुकानात, त्या पडद्यांच्या खोलीत, मला माझी इतकी लाज वाटली, की जमीन दुभंगेल तर बरं.

“लोनप्पा,” मी म्हणाले, “तुझी स्कूटर कुठे लावलीयस?”

“बाहेर. का?”

“तिथे पोलीस उचलून नेतात. आत येताना मी त्यांची गाडी पाहिली.”

तो धडपडत बाहेर गेला. गाडी मी पाहिली होती की नव्हती, ते प्रभू येशू आणि मी बघून घेऊ.

“बस,” मी त्रेस्याला म्हणाले.

“कुठे?”

“खुर्चीत.”

“अगं, लोनप्पन येईल ना आता.”

“येईल तेव्हा येईल. बस म्हणते ना!”

ती खुर्चीच्या काठावर टेकली. मी तिला खांद्याला धरून मागे रेटलं. शिनोज आमच्याकडे बघत होता. आमचं काय चाललंय हे त्याला कळलं नसेल, पण काहीतरी चाललंय एवढं कळलं होतं. तो पुढे आला, त्याने खिशातून मोजपट्टी काढली आणि जमिनीपासून तिच्या कानापर्यंत धरली.

“छत्तीस इंच,” तो म्हणाला. “त्या पलीकडच्या उंचशा जोडीचा वरचा छोटा स्पीकर बरोबर छत्तिसावर येतो. बारीक आवाज थेट कानाशी यायला हवेत. आता चेची, तुम्ही आवाज सांगायचा नाही. मी लावतो. समजा, एक बाई तुमच्यासमोर उभी राहून गातेय. ती केवढ्याने गाईल? तेवढा.”

“फार नको हं.”

“बाई कुजबुजत गाते का?”

आधी त्याने तिचं गाणं काळ्या कपाटांवरच लावलं, पण माणसाच्या आवाजात. मला काही या विषयातलं कळत नाही, पण तेव्हा तेही कळलं. मृदंग सगळ्या खोलीभर सांडला होता आणि बाई त्याच्या मागे कुठेतरी, कांबळं पांघरून गात असल्यासारखी. त्रेस्याच्या कपाळावर आठी पडली.

“हे तेच? मघाचेच?”

“तेच.”

“पुसा ते,” ती म्हणाली. फळ्यावरचं पुसावं तसं.

मग त्याने उंच सडपातळ जोडीवर गाणं लावलं. जोडी दिसायला काहीच नव्हती. तपकिरी, सात बोटं रुंद, पाहुण्यांत कुणी विचारणार नाही अशी. सुरुवातीला नुसती तार छेडल्याचा आवाज आला, डावीकडून. मग बाईने श्वास घेतला. मला मागे स्टुलावरही तो श्वास ऐकू आला. आणि मग ती गायला लागली.

त्रेस्या ताठ झाली. तिने डाव्या स्पीकरकडे पाहिलं, उजव्याकडे पाहिलं. मग दोघांच्या मधल्या मोकळ्या जागेकडे. तिथे पडदा होता फक्त. ती उठली, पर्स गालिच्यावर पडली, आणि ती सरळ चालत त्या मोकळ्या जागेपाशी गेली आणि हात पुढे करून चाचपायला लागली.

“इथे आहे ती,” ती म्हणाली. “रोसिली, ही इथे उभी आहे!”

“तिथे काहीच नाही चेची,” शिनोज हसत म्हणाला. आता त्याचाही थकवा पळाला होता. “दोन्हीकडून सारखा आवाज आला की कानाला ती मध्ये उभी वाटते. पण फक्त खुर्चीतून. तिथे जाल तर नाहीशी होईल.”

“गेलीच!” ती म्हणाली आणि पळत येऊन परत खुर्चीत बसली. “आली! शप्पथ, आली!”

अठ्ठावन्न वर्षांची बाई, गुडघ्यांची दुखणेकरी, चार वेळा उठली आणि चार वेळा बसली. प्रत्येक वेळी ‘गेली’ आणि ‘आली’. मी आणि शिनोज हसून हसून बेजार. तीही हसत होती, आणि हसता हसता डोळे पुसत होती.

“इतकी वर्षं ही माझ्या डोक्याच्या आत गात होती,” ती मला म्हणाली. “इथे, कवटीत. मला वाटायचं गाणं तिथेच असतं.”

मी तिची पर्स उचलून दिली.

“आता चेंडा लावतो,” शिनोज म्हणाला. त्रिशूरमध्ये ज्याला स्पीकर विकायचा आहे त्याला त्यावर चेंडामेळ, म्हणजे चेंडे-झांजांचा ताफा, वाजवून दाखवावाच लागतो. देवळाचा माणूस असो की चर्चचा, परीक्षा तीच. मेळ सुरू झाला. मोठ्या काळ्यांवर सगळे चेंडे मिळून एकच गडगडाट झाला असता, पण इथे मला पुढची रांग पुढे आणि झांजांची रांग मागे ऐकू येत होती. त्रेस्या दोन्ही हातांनी खुर्चीच्या हातांवर ठेका धरून वाजवत होती. चांगला दणदणीत, लाकूड बोलेल असा.

“डावीकडून तिसरा जरा घाई करतोय,” ती ओरडली.

“मला नाही कळलं!” शिनोज ओरडला.

“ऐका ना नीट! तिसरा!”

तेवढ्यात लोनप्पन आला. पोलीस नव्हतेच, असं म्हणत. खुर्चीत बहीण बघून तो थबकला, आणि उजव्या पायावरून डाव्या पायावर गेला.

“मला हे हवेत,” त्रेस्या म्हणाली. बसूनच.

“हे?” त्याने तपकिरी जोडीकडे पाहिलं. “चेची, हे तर काड्या आहेत. लोक घरात आल्यावर काय बघतील?”

“लोकांनी ऐकायचंय.”

“आणि सिनेमात पूल पडला तर? गाडी मागून आली तर?”

“मागचे नंतर घेऊ,” शिनोज मध्ये पडला. “अँप्लिफायर पाच स्पीकरना पुरेल असा देतो. आता नवीन आहात, तर आधी दोनच पण चांगले घ्या. बाकीचे वर्षभराने जोडता येतात. सगळेच स्वस्तातले घेतलेत तर पाचही बदलावे लागतील.”

ते तिच्या वहीत नव्हतं. तिने उघडून लिहून घेतलं.

जोडी शनिवारी घरी येणार होती. शुक्रवारी रात्री तिचा फोन, शनिवारी सकाळी दोन फोन. “जेवून ये, नाहीतर न जेवता ये, पण दोनच्या आत ये.” मी दीडला पोहोचले.

तिच्या घरी मी अनेकदा गेले होते, पण त्या दिवशी दुसऱ्याच नजरेने पाहिलं. हॉलमध्ये टीव्ही, टीव्हीसमोर मधोमध लांब सोफा, तो लोनप्पनचा. शेजारी वेताची खुर्ची, ती त्याच्या बायकोची, जेन्सीची. भिंतीवरच्या प्रभूच्या तसबिरीखाली दोन स्टुलं, मुलांची. त्रेस्या कुठे बसते? जेवणाच्या टेबलाची खुर्ची तिरकी करून, मान वळवून ती टीव्ही बघत असे. आणि झोपायची ती पाहुण्यांच्या खोलीत. दर दोन वर्षांनी महिनाभर यायची, तेव्हा त्या पलंगावरचे इस्त्रीचे कपडे हलवून तिला जागा करून द्यायचे. आता कायमची आली, तरी खोलीला नाव तेच होतं. यात कुणाचा दुष्टपणा नव्हता. तिने कधी स्वतःची जागा मागितली नाही, त्यांना कधी द्यायची सुचली नाही, आणि घर मात्र पायापासून कौलापर्यंत तिच्या दिवसपाळ्या-रात्रपाळ्यांनी उभं राहिलेलं.

अडीचला शिनोजचा टेम्पो आला. दोन उंच खोकी, एक आडवं. जेन्सी दारातच ओठांवर बोट ठेवून उभी.

“श्श्! झोपलेत ते. चार वाजेपर्यंत उठत नाहीत. जेवण झालं की पडतात जरा.”

आत सोफ्यावर लोनप्पन उताणा. बनियन, लुंगी, आणि पोटावर वर्तमानपत्र. शनिवारची दुपारची झोप म्हणजे त्याच्यासाठी पूजाच.

“खोकी व्हरांड्यात ठेवू,” जेन्सी कुजबुजली. “चारनंतर या ना तुम्ही.”

“चारनंतर मला इरिंजालकुड्याला जायचंय,” शिनोजही कुजबुजला. “मग सोमवारीच.”

आणि त्रेस्या? तिने चपला काढल्या आणि आवाज न करता, टाचा न टेकवता ती हॉलमध्ये गेली. ती चाल मी एकोणीस वर्षं पाहिली आहे. म्हणजे पाहिली नाहीच, मी झोपलेली असायची. पण जाग आली की ती तशी चालताना दिसायची. तिने सोफ्याकडे पाहिलं. सोफा जिथे होता, बरोबर तिथेच ऐकणाऱ्याची जागा यायची होती. वहीत तिने हॉलचा नकाशा काढला होता, सोफ्यावर फुली मारून.

ती परत दारात आली. मला वाटलं, संपलं. आता ही म्हणणार, ‘सोमवारी या.’ मी तोंड उघडलं, आणि मग मिटलं. दुकानात मी बोलले होते, ते माझं देणं होतं. इथे माझं काही चालणार नव्हतं. हे घर तिचं होतं, आणि ते तिलाच म्हणायला हवं होतं.

“सोमवारी...” ती कुजबुजली. आणि थांबली. तिने टेम्पोतल्या खोक्यांकडे पाहिलं.

मग ती आत वळली. टाचा टेकवून.

“लोनप्पा!”

हा आवाज मी ओळखते. सकाळी सहाला वॉर्डात शिरल्यावर तीस खाटा एकदम जाग्या करणारा. चिडलेला नव्हे, मोठाही फारसा नव्हे. पण त्याला नाही म्हणायची कुणाची छाती होत नसे.

लोनप्पन दचकून उठून बसला. वर्तमानपत्र जमिनीवर पडलं.

“काय? काय झालं?”

“काही नाही. ऊठ. सोफा हलवायचाय.”

“आत्ता?”

“आत्ता. तिकडून धर. शिनोज, तुम्ही इकडून या. जेन्सी, स्टुलं उचल बाई, ती मध्ये येतील.”

तो इतका गोंधळला होता, की खरंच उठून त्याने सोफा धरला. सोफा खिडकीखाली गेला. त्रेस्याने पाहुण्यांच्या खोलीतून आपली लाकडी आरामखुर्ची ओढत आणली. मी मदतीला गेले तर म्हणाली, “राहू दे, मी आणते.” पाय फरशीवर करकरले. तिने ती मधोमध ठेवली.

मग शिनोजचा तासभर खेळ. खोक्यांतून तपकिरी जोडी निघाली. दोन्हींत सात फूट अंतर, भिंतीपासून दीड फूट पुढे. गुळगुळीत फरशीवर टोकदार पाय घसरू नयेत म्हणून खाली पितळेच्या चकत्या. फरशीवर आवाज घुमतो म्हणून त्रेस्याने स्वतःच्या खोलीतली सतरंजी आणून समोर अंथरली; तेही वहीत होतं. गाणं लागलं, आणि ती खुर्चीत बसून हुकूम सोडायला लागली.

“डावा जरा आत वळवा. अजून. नाही, फार झालं. दोन बोटं मागे. हां! आली. आता हलवू नका.”

“चेची, परवापर्यंत तुम्ही नवीन होता,” शिनोज म्हणाला. “माझ्या दुकानात नोकरीला येता का?”

“पेन्शन सोडून?”

लोनप्पन खिडकीखालच्या सोफ्यावर फुरंगटून बसला होता. तिथून, तो म्हणाला, सगळा आवाज एकाच बाजूने येतो. मग शिनोजने मेळ लावला, आणि पाचव्या मिनिटाला मी पाहिलं, तर लोनप्पनचा हात लुंगीवर ठेका धरत होता. रक्त त्रिशूरचंच ना! तो उठून बहिणीच्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला. तिथे आवाज बरा येत होता.

“बस की,” असं ती म्हणेल, असं मला क्षणभर वाटलं. म्हणजे आपण उठेल, आणि त्याला देईल. तिने हात मागे करून त्याच्या हातावर थोपटलं, आणि बसून राहिली.

शिनोज गेला. शेवटी तिने तिचं गाणं पुन्हा लावलं. बाई श्वास घेऊन गायला लागली, आणि आवाज व्हरांड्यातून पार अंगणातल्या फणसाच्या झाडापर्यंत गेला असावा, कारण शेजारची म्हातारी कुंपणाशी येऊन उभी राहिलेली मला दिसली. त्रेस्याने डोळे मिटले होते. हात खुर्चीच्या हातांवर, पाय पसरलेले.

जेन्सी चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघरातून आली. सवयीने ती लोनप्पनकडे वळली, दोन पावलं गेलीही. मग थांबली, आणि वळून त्रेस्याच्या खुर्चीपाशी आली. त्रेस्याला ती दिसली नाही. जेन्सीने हाक मारली नाही. मी ट्रे घ्यायला हात पुढे केला, तर तिने मान हलवली, आणि गाणं संपेपर्यंत ती तशीच उभी राहिली. चहावर साय धरली होती.